बरोबरीला येईपर्यंत

खुर्चीत बसा. पाठ मागे टेकू द्या. दोन्ही पावलं जमिनीला लागलेली, पायावर पाय नको. डावा हात टेबलावर, तळवा वर, दंड छातीच्या उंचीला. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन या. आता पाच मिनिटं बोलायचं नाही. मोबाईल बाजूला.

ध्यानाच्या वर्गातल्या वाटाव्यात अशा या सूचना रक्तदाब मोजण्याच्या आहेत आणि वैद्यकाच्या पुस्तकांत अशाच छापलेल्या असतात. सकाळच्या ओपीडीत त्या पाळल्या जात नाहीत, पाळणं जमतही नाही. केसपेपरची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते, सिस्टरपुढे स्टूल एकच असतं, आणि माण-खटावकडून किंवा जत-आटपाडीकडून पहिल्या एसटीनं आलेला माणूस धापा टाकत त्यावर टेकतो न टेकतो तोच त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो. तो बोलत असतो. हात लोंबत असतो. बाही वर सरकवून आवळलेली असते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा थोडा थोडा हलवते. हात हृदयापासून दहा सेंटीमीटर खाली राहिला तरी सात-आठ अंकांचा फरक पडतो.

राहून गेलेली ती पाच मिनिटं आपण इथे घेऊ. दवाखान्यात रोज नजरेस पडणाऱ्या काही वस्तूंपाशी बसू. तपासायची उपकरणं, देखरेखीची, उपचाराची, जीव तगवून धरणारी, निर्जंतुक करणारी अशा त्यांच्या जाती पुस्तकात असतात, त्या तिथेच असू देत. आपण बघायचं ते इतकंच, की एखादी वस्तू माणसाला मोजते तेव्हा ती नेमकं काय करते.

पट्ट्यात हवा भरू लागली आहे. दंड आवळला जातो. आणखी आवळला जातो. एका क्षणी दंडातली धमनी पूर्ण मिटते आणि कोपरापुढचं रक्त थांबतं. कोपराच्या खळगीवर स्टेथोस्कोप आहे, कानात काही नाही. ही शांतता ऐका. मग हवा हळूहळू सोडली जाते. पारा उतरतो. उतरता उतरता एक ठोका येतो, दबकत, मग दुसरा. मिटलेल्या धमनीतून रक्ताचा पहिला लोट पलीकडे गेलेला आहे. तो वरचा आकडा. ठोके ठळक होतात, मग मंदावतात आणि पुन्हा काही ऐकू येत नाही, कारण आता रक्ताला अडथळाच उरलेला नाही. तो खालचा आकडा.

इटलीतल्या तुरिनमध्ये रिवा-रोची या डॉक्टरानं १८९६ साली हा दंडाचा पट्टा आणला, पण तो मनगटाची नाडी चाचपून फक्त वरचा आकडा सांगू शकत होता. रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यानं १९०५ साली कोपरावर कान लावला आणि खालचाही आकडा हाती आला. दोघांच्या युक्तीचा गाभा एकच. रक्ताचा जोर थेट पाहता येत नाही; म्हणून बाहेरून तेवढाच जोर लावायचा. आतून रेटणारं रक्त आणि बाहेरून दाबणारी हवा ज्या क्षणी बरोबरीला येतात, तो क्षण पकडायचा आणि बाहेरच्या हवेचा आकडा वाचायचा. आकडा हवेचा आहे. रक्ताचा म्हणून केसपेपरवर लिहिला जातो, कारण त्या एका क्षणी दोघं समसमान होती.

१२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून तोच दाब पाण्याच्या नळीत घातला तर पाणी १६३ सेंटीमीटर चढेल. म्हणजे जवळजवळ तुमच्या-माझ्या उंचीइतकं. पारा आणि पट्टा यायच्या कितीतरी आधी, १७३३ साली, स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती चढतं ते पाहिल्याचं छापलं होतं. ते आठ फुटांवर गेलं. घोडी वाचली नाही. आज आपला दंड नुसता आवळून सुटतो. मधल्या काळात वैद्यकानं जी सभ्यता कमावली तिचं हे माप मला फार मोलाचं वाटतं.

आता दंड मोकळा झाला आहे. तळहातात मुंग्यांसारखं काही सरकतंय का बघा. एरवी कधी न जाणवलेलं रक्त परतल्याची ती खूण.

काखेत थर्मामीटर धरा. निदान आठवून बघा, काच सुरुवातीला किती गार लागायची.

पाऱ्याचा थर्मामीटर आता दुर्मीळ होत चालला आहे. पारा विषारी, म्हणून तो हटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतानंही तो मान्य केला. पण त्याच्यापाशी थोडं थांबण्यासारखं आहे. त्याला तुमचा ताप कळत नाही. त्याला कळते फक्त स्वतःची ऊब. काखेत तो गार येतो, तुमच्याकडून ऊब घेत राहतो आणि तुमच्याइतकाच गरम झाला की थांबतो. मग जी रेघ दिसते ती त्याच्या स्वतःच्या तापाची असते. फक्त तोवर त्याचा आणि तुमचा ताप एकच झालेला असतो. म्हणून त्याला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो वेळ वीस मिनिटांच्या घरात होता आणि नळी फूटभर लांब होती. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरानं १८६६-६७ च्या सुमारास ती सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणली. वैद्यकात जे जे झटपट झालं त्यातलं बरंच या बरोबरीला येण्याचा वेळ कमी करण्यानंच झालं आहे.

कपाळावर तळहात ठेवूनही ताप बघतात. हात तुलना करतो, मोजत नाही. ज्याला स्वतःलाच ताप आहे त्याच्या हाताला दुसऱ्याचं कपाळ गार लागतं.

आता श्वासाकडे या. तो बदलू नका. येतो तसा येऊ द्या.

पॅरिसमध्ये १८१६ साली रने लाएनेक या डॉक्टराला एका तरुण बाईच्या छातीला कान लावून ऐकायचा संकोच वाटला. त्यानं कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. कान लावून ऐकलं असतं त्याहून स्पष्ट ऐकू आलं. कागदाची सुरळी पुढे लाकडी नळी झाली. एक हात अंतर ठेवल्यानं छातीतला आवाज जवळ आला, ही गोष्ट कितीदाही मनात घोळवली तरी जुनी होत नाही. त्या नळीतून लाएनेक सर्वांत जास्त ऐकत राहिला तो क्षयाच्या रोग्यांच्या छात्या. १८२६ साली तो स्वतः क्षयानंच गेला.

क्षय म्हटलं की आपल्या मुलखात दोन पत्ते आठवतात. एक घाटमाथ्यावर, एक सपाटीला. पाचगणीला चार हजार दोनशे फुटांच्या आसपासच्या उंचीवर डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम काढलं. पुढे ते भारतीय रेडक्रॉसकडे गेलं. दुसरा पत्ता सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली इकडे आला. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ साली तिथे रुग्णालय उभं राहिलं. लोक अजून त्याला नुसतं ‘मिशन’ म्हणतात. आगगाडीनं लांबलांबून पेशंट मिरजेला उतरत. मिरज दवाखान्यांचं गाव झालं ते तेव्हापासून. वानलेसना १९२८ साली सर ही पदवी मिळाली, १९३३ साली ते वारले. क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर मोकळ्या माळावर जे आरोग्यधाम निघालं त्याच्याभोवतीची वस्ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. रिक्षावाला ते नाव दिवसातून कितीदा घेतो; त्यात एका डॉक्टराचं आडनाव आहे हे त्याच्या मनात येत असेलच असं नाही.

त्या व्हरांड्यात मनानं एक खाट घ्या. दोन खाटांत भरपूर अंतर आहे. वारा आहे. औषध असं अजून निघालेलं नाही. मग उपकरणं कोणती? सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. ठरल्या दिवशी वजनकाटा. झाकणाचं थुंकीपात्र. स्टेथोस्कोप. आणि १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला दिसलेल्या किरणांचं यंत्र, ज्यानं काढलेल्या चित्राला आपल्याकडे आजही छातीचा फोटोच म्हणतात.

हा फोटो मोजणाऱ्या वस्तूंपेक्षा वेगळा आहे. तो कशाशी बरोबरी साधत नाही. आरपार जातो आणि मागे सावली सोडतो. फुफ्फुसात हवा असते तिथे काळं, हाड असतं तिथे पांढरं, आणि जिथे काळं असायला हवं तिथे पांढुरकं दिसलं तर तो डाग. खिडकीच्या उजेडाकडे फिल्म धरून डॉक्टर बघतात तेव्हा पेशंट फिल्मकडे बघत नाही, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघतो. तो फोटो त्याला तिथेच वाचता येतो.

त्या काळातलं एक साधन आता सहसा कोणी वापरत नाही, पण मननाला ते फार चांगलं आहे. आजारी फुफ्फुसाला विश्रांती द्यायची म्हणून बरगड्यांमधून सुई घालून फुफ्फुसाच्या बाहेरच्या पोकळीत हवा भरत आणि फुफ्फुस मिटवत. सुई नेमक्या जागी पोचली की नाही हे कसं कळणार? सुईला जोडलेली पाण्याची नळी असे. टोक योग्य पोकळीत असेल तर नळीतलं पाणी पेशंटच्या श्वासाबरोबर हले. श्वास आत, पाणी एका बाजूला. श्वास बाहेर, पाणी दुसऱ्या बाजूला. पाणी हललं नाही तर डॉक्टर हवा सोडत नसत. थांबत, सुई बदलत. बाकी सगळं अंधारातलं काम, आणि त्या अंधारात पाण्याची ही एवढी ये-जा भरवशाची.

तुमच्या श्वासाला अशी पाण्याची नळी जोडली आहे असं धरा. हलू द्या पाणी. काही श्वास तसेच जाऊ द्या.

मग औषधं आली. १९५९ साली मद्रासच्या क्षयकेंद्रातला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रोगी आरोग्यधामात ठेवले, चांगलं अन्न, विश्रांती, मोकळी हवा. काही आपापल्या घरी, दाटीवाटीच्या वस्तीत, जेमतेम खाऊन. दोघांना गोळ्या त्याच, वर्षभर. गुण जवळजवळ सारखाच आला. उंच हवा, व्हरांडा, खाटांमधलं अंतर यांची गरज गोळ्यांनी संपवली. जगभरातली क्षयधामं एकेक करत ओस पडली किंवा दुसऱ्या कामाला लागली. हे वाचताना आनंद तर होतोच, पण दोन-दोन वर्षं त्या खाटांवर काढलेल्यांचा विचारही मनातून जात नाही. हवेनं बरं वाटतं यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि काहींना खरोखर वाटलंही होतं. आज क्षय शोधायचं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, प्राथमिक केंद्राच्या टेबलावर मावतं. बेडक्यातल्या जंतूंच्या जनुकाचा एक तुकडा आणि यंत्रात घातलेला त्याचा जोडीदार तुकडा एकमेकांना जुळले की उत्तर येतं. तिथेही जुळण्याचाच मामला.

उजव्या हाताचं बोट पुढे करा.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे इस्लामपूरचं नाव अचानक राज्यभर झालं. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आशाताई घराघरांत ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. तोवर ही चिमट्याएवढी वस्तू दवाखान्याबाहेर फारशी कुणी पाहिली नव्हती. काही आठवड्यांत वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसंसुद्धा ‘माझा शहाण्णव हाय’ असं सांगू लागली. घरात सहा मिनिटं चालून पुन्हा बोट घालायचं हेही सगळ्यांना पाठ झालं.

बोटाच्या एका बाजूनं दोन प्रकारचा उजेड आत जातो. एक लाल, दिसणारा. एक अवरक्त, न दिसणारा. पलीकडे तो किती पोचला ते मोजलं जातं. प्राणवायूनं भरलेलं रक्त लाल उजेड जास्त जाऊ देतं, रिकामं रक्त अडवतं, अवरक्ताचं उलट. पण बोटात नुसतं रक्त नसतं. कातडी असते, नख, हाड. तेही उजेड अडवतातच. मग त्यातून रक्ताचा हिशेब वेगळा काढायचा कसा? निहोन कोहदेन या जपानी कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी हृदय किती रक्त फेकतं हे मोजायच्या खटपटीत होते, आणि नाडीच्या ठोक्यानं त्यांच्या आलेखात सारखी कंपनं येत. ती काढून टाकायचा प्रयत्न करता करता त्यांच्या लक्षात आलं की हवं ते त्या कंपनांतच आहे. हाड थरथरत नाही, नख थरथरत नाही. ठोक्यागणिक येतं-जातं ते धमनीतलं ताजं रक्तच. जे स्थिर आहे ते सोडून द्यायचं, जे थरथरतं तेवढं घ्यायचं. ही १९७४ ची गोष्ट. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी गेले, त्यांचं यंत्र जगातल्या बोटाबोटावर बसत होतं त्याच दिवसांत.

बोटाच्या टोकात नाडी जाणवते का बघा. नाही जाणवली तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना हलके टेकवा. आता? कोणत्या बोटातली ती कळणार नाही. न कळू दे.

पण इथेच मला या बरोबरीच्या गोष्टीला एक गाठ मारावीशी वाटते. ऑक्सिमीटरचा आकडा आला कुठून? निरोगी स्वयंसेवकांना कमी कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांच्या धमनीतलं रक्त प्रत्यक्ष तपासून, उजेडाचं प्रमाण आणि रक्तातला प्राणवायू यांचा तक्ता बनवला गेला. तो तक्ता यंत्रात बसला. म्हणजे तुमचं बोट चिमट्यात गेलं की त्याची बरोबरी होते ती कधीतरी दुसरीकडे बसलेल्या त्या माणसांशी. ते बहुतेक गोरे असतील तर? २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की रक्तातला प्राणवायू खरोखर घसरलेला असूनही ऑक्सिमीटरला तो न दिसण्याचं प्रमाण काळ्या रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. वर गार बोटं, मेंदी, नेलपॉलिश यांची भर. आपल्याकडच्या उन्हात राबून रापलेल्या हातांचा विचार कुठल्या तक्त्यात केलेला आहे, हा प्रश्न त्या दोन वर्षांत फारच थोड्यांनी विचारला. घाई होती, तेही खरं. तरी आकड्याला मान देताना तो कुणाच्या शरीरावरून आला हे विचारायची सवय आपल्याला नाही.

मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना तंबोरा जुळवण्याचा आवाज येतो. पंढरपूरकडचा भोपळा, वर दांडी, घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून जवारी काढत बसलेला कारागीर. एक तार छेडायची, दुसरी तिच्याकडे वळवत न्यायची, दोघींच्या मधली लाट विरेपर्यंत. जुळलेला तंबोरा तसाच राहत नाही. हवा बदलली, प्रवास झाला की तारा उतरतात, आणि गवई प्रत्येक बैठकीआधी पुन्हा जुळवतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. दवाखान्यातली यंत्रंही अशीच उतरतात. काटेवाला बीपीचा डायल वर्ष-दोन वर्षांत सरकतो, वजनकाटा शून्यावर परत येत नाही. ती पुन्हा जुळवायला मात्र कुणाला सवड नसते. फीत कापून नवं यंत्र आणायला पाहुणे मिळतात. जुन्याचं कॅलिब्रेशन करायला आलेल्या बायोमेडिकलवाल्याला किल्ली कुणाकडे आहे हे शोधत हिंडावं लागतं. केंद्र सरकारनं २०१५ च्या सुमारास सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांची मोजदाद केली तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद निघाली. बंद पडलेलं यंत्र निदान दिसतं तरी. चालू असून चुकीचं सांगणारं मोजदादीतही सापडत नाही.

व्हेंटिलेटरबद्दल थोडंसंच. आपण श्वास घेतो म्हणजे छाती फुलवून हवा आत ओढतो. यंत्र हवा आत ढकलतं. दिशाच उलटी. म्हणून चांगलं यंत्र पेशंटनं ओढण्याचा किंचित प्रयत्न केला की तो ओळखतं आणि त्याच वेळी मदत देतं. वेळ चुकली की आयसीयूतले लोक म्हणतात, पेशंट मशीनशी भांडतोय. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना हे वाक्य फार घाबरवतं. खरं तर त्याचा एक अर्थ असाही असतो, की त्याचा स्वतःचा श्वास अजून आहे.

आता जरा डोंगरात जाऊ. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटीचं खोरं आहे. सातारा जिल्ह्यातलंच, पण जायचं तर बहुधा लाँचनं. तिकडच्या अंगणवाडीत एक कागदी वाटावी अशी पट्टी असते, लाल, पिवळी, हिरवी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, ती गुंडाळायची, ना घट्ट ना सैल. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आली तर लाल. मूल अतितीव्र कुपोषित, लगेच तपासणीला न्यायला हवं. बारा पूर्णांक पाचच्या आत पिवळं. वीज नको, बॅटरी नको, वाचायलाही नको. अंगणवाडीताईच्या भिंतीवरचा वाढीचा तक्ता २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेला; त्यासाठी मोजलेल्या मुलांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका यांच्या बरोबरीनं दिल्लीतलीही मुलं होती. चांगलं खायला मिळालं, आईचं दूध मिळालं, तर कुठलंही मूल साधारण सारखंच वाढतं, हे त्या मोजणीतून दिसलं. ‘आमच्याकडची पोरं बारीकच असतात’ ही सबब तेव्हापासून उरली नाही. निदान उरायला नको होती.

इथे बरोबरी कुणाशी, या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे. लाल रंग सांगतो की हे मूल दुसऱ्या कुठल्याही मुलाएवढं व्हायला पात्र होतं.

आपल्या दंडाला अंगठा आणि मधलं बोट भिडवून बघा. भिडत नाहीत. तान्ह्याच्या दंडाला सहज भिडतात. साडेअकरा सेंटीमीटर किती लहान, ते बोटांना कळू द्या.

शेवटी डायलिसिसच्या खोलीत बसू. ही खोली आता कऱ्हाड, सातारा, सांगली, मिरज, कुठेही सापडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो, त्यामुळे पूर्वी जे घर विकून करावं लागे ते बऱ्याच जणांना आता तसं करावं लागत नाही. चार तास, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. येण्याजाण्याचा दिवस वेगळा. पेशंट एकमेकांना नावानं नव्हे, खाटेनं ओळखतात. कुणाची खाट एक दिवस दुसऱ्याला दिली गेली की बाकीचे गप्प असतात.

हातातून एक नळी रक्त बाहेर नेते, दुसरी आत आणते. मध्ये एक पारदर्शक नळकांडं, त्यात केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी. तंतूंच्या आतून रक्त जातं, बाहेरून पाणी. मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे चार तासांत एकशेवीस लिटर. आपल्याकडे पाणी म्हणजे बऱ्याच ठिकाणी कृष्णेचंच. महाबळेश्वरला उगम, वाईचे घाट, माहुलीचा संगम, कऱ्हाडला कोयनेशी गाठ, मग औदुंबर, सांगली. नळातून आलेलं हे पाणी आरओमधून काढून, क्षार, क्लोरीन, जंतू गाळून जवळजवळ कोरं करतात. आणि मग त्यात पुन्हा मीठ घालतात.

इथे थांबा. कोरं केलेल्या पाण्यात मीठ का?

कारण तंतूंच्या भिंतीतून पदार्थ जातात ते जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे. पलीकडे नुसतं कोरं पाणी असतं तर रक्तातलं सगळंच निघून गेलं असतं, हवं तेही. म्हणून जे टिकवायचं ते पाण्यात रक्ताइतकंच ठेवतात. सोडियम जवळपास रक्ताएवढं. पोटॅशियम वाढलेलं असतं, म्हणून पाण्यात कमी. युरिया मुळीच नाही, म्हणून तो सगळा वेळ पलीकडे जात राहतो. पाणी रक्तासारखं करायचं, आणि जे घालवायचं तेवढ्यातच वेगळं ठेवायचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कॉल्फ या डॉक्टरानं सॉसेज गुंडाळायच्या सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून हे माणसावर केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रोगी दगावले. तो करत राहिला. १९४५ साली एक बाई वाचली.

खोलीतला सगळ्यात साधा नग म्हणजे दाराजवळचा वजनकाटा. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. मूत्रपिंडं लघवी करत नाहीत, त्यामुळे मधल्या दिवसांत प्यालेलं बहुतेक पाणी अंगातच साठलेलं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन किलो वाढलं तर मशीनला तेवढंच काढायला सांगायचं. ब्रदर विचारतो, ‘काका, किती प्यायलात?’ आणि काका काटा बघायच्या आधीच उत्तर देतात. एप्रिल-मे महिन्यात आटपाडीच्या माणसाला दिवसाला पाऊण लिटरवर राहायला सांगणं म्हणजे काय, हे त्या काट्याला कळत नाही. पण काकांना आता कळतं. घोट किती, आमटी किती, चहा अर्धाच, कलिंगड नकोच. जीभ कोरडी पडली की बर्फाचा लहान खडा. काही महिन्यांनी हा हिशेब अंगवळणी पडतो आणि काटा साधारण तेच दाखवतो जे ते सांगतात. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडलाच तर तो चपलांचा निघतो. तेव्हा ब्रदर चपला काढून पुन्हा उभं राहायला सांगतो, आणि आकडा लिहून घेतो.